दोनशे अकरा, दोनशे बारा

सोमवार, ७ सप्टेंबर

चोवीस ऑगस्टच्या सकाळी सव्वाआठला तू कोविड वॉर्डच्या काचेच्या दारातून आत गेलीस आणि वळून बघितलं नाहीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. वेळ मिनिटासकट सांगतोय, कारण दारावरच्या घड्याळासमोरच उभा होतो, रिकाम्या नळ्यांचा ट्रे छातीशी धरून.

मायना लिहिलेला नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तू पहिल्याच ओळीला पत्र फाडशील, आणि ‘सिस्टर’ लिहायला हात धजत नाही. जिच्यावर दोन वर्षं जीव टाकला तिला चारचौघांत सिस्टर म्हणून हाक मारायची! नर्सवर जीव जडलेल्या माणसाचं दुःख दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल.

फोनवर तू मला केव्हाच बंद करून टाकलंस. आत तर फोन न्यायचीच बंदी. ड्यूटीची पाळी संपेपर्यंत वॉर्डातली माणसं वॉर्ड आणि राहायची जागा सोडून कुठे जात नाहीत, आणि तिकडे गेलेला कागद बाहेर येत नाही. म्हणजे मी लिहीन ते तुझ्यापर्यंत पोचेल, तुझं उत्तर मात्र यायचं नाही. तसंही तू देणार नव्हतीस. त्यामुळे नियमावर माझा राग नाही. उलट आता निदान स्वतःला सांगता येतं की उत्तर नियमामुळे येत नाही.

आजपासून मी रेकॉर्ड रूममध्ये. शुक्रवारी आपल्या सगळ्यांच्या रक्ताच्या सर्व्हेचा निकाल लागला. ज्यांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या, म्हणजे ज्यांना आजार होऊन गेलाय, कळत असो वा नकळत, त्यांना वॉर्डात घालायचं. ज्यांच्यात नाहीत त्यांना लांब ठेवायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की अँटिबॉडीज म्हणजे चिलखत नव्हे, मास्क सगळ्यांनीच नीट लावायचे. ती ओळ कोणी वाचली असेल तर शपथ. मी निगेटिव्ह. मला लॅबमधून उचललं आणि जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आणून टाकलं. इथे फायली, एक टेबल, एक इंटरकॉम आणि मी. इंटरकॉम दिवसभरात एकदा वाजला. चुकून लागला होता.

निकाल वाचून मी खुर्चीतच बसलो. लॅबवाले काका म्हणाले, “अरे, खूश हो की! लोक वॉर्ड टाळायला देव पाण्यात घालून बसलेत.” त्यांना काय सांगू.

मामा मात्र पॉझिटिव्ह निघाले. आपले मेल वॉर्डचे मामा, ज्यांना अख्खं हॉस्पिटल मामा म्हणतं आणि सख्खा भाचा एकही नाही. वय सत्तावन्न, वर साखर. आजपासून तुझ्या वॉर्डात, तुझ्याच पाळीला. वॉर्डातल्या मामा-मावशींना राहायला मागचा लेक्चर हॉल दिलाय, तिथून वॉर्डाकडे जाताना ते माझ्या खिडकीखालून जातात. सकाळी मला बघून ओरडले, “तोंड का पाडलंस? कॉलेज अर्धवट सोडलंस तेव्हा नव्हतं पाडलं एवढं!”

म्हटलं, “मामा, एक पत्र न्याल?”

“या वयात टपालवाला करतोस काय मला? टाक.”

वरून टाकलं तर वाऱ्याने उडेल, म्हणून बँडेजच्या पट्टीला बांधून खाली सोडणार आहे. विहिरीत बादली सोडतात तसं. पाकीट चिकटवलेलं असेल. मामा उघडायचे नाहीत, त्यांचा चष्मा जुलैपासून फुटलेला आहे.

बाकी काय. जेवतो. झोपतो. तू विचारत नाहीयेस, तरी सांगतो.


गुरुवार, १० सप्टेंबर

आज तुला बघितलं! दुपारी तुमच्या तिसऱ्या खिडकीत पांढरा पोशाख घालून कोणीतरी उभं होतं. उभं राहायची ढब अगदी तुझी, एका पायावर भार टाकून. मी हात हलवला. तिकडूनही हलला. मी खुर्चीवर चढलो. तिकडून दोन्ही हात हलले. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना हात करत होतो, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, आणि मग ती आकृती वळली. पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मावशी, सफाई’.

संध्याकाळी मामा खाली उभं राहून पोट धरून हसत होते. “मावशी विचारत होत्या, जुन्या इमारतीतलं ते चांगल्या घरचं पोरगं कोण म्हणून!”

त्या पोशाखात तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता, हा काही माझा गुन्हा नाही.

मामांकडून तुझी रोजची खबर मिळते. तू दुपारचं जेवण टाळतेस म्हणे. सात नंबरच्या आजोबांना पेपर वाचून दाखवतेस आणि वाईट बातम्या गाळून आपल्या मनाच्या चांगल्या बातम्या घालतेस. हे ऐकून मला दिवसभर बरं वाटलं, आणि मग त्या आजोबांचा राग आला. हो, आला. ऐंशी वर्षांच्या माणसाचा, तोही ऑक्सिजनवरचा. मी असा आहे. तुला ते माहीत आहे, म्हणून तर मी इथे आहे आणि तू तिथे.

त्या दिवशीचं कॅन्टीन मी विसरलेलो नाही. तू जुलैत आजारी पडलीस, चौदा दिवस खोलीत बंद राहिलीस, आणि परत आल्याच्या दिवशी मी काय केलं? पूर्ण कॅन्टीनसमोर त्या डॉक्टरची कॉलर धरली. कोटाच्या खिशात कंगवा ठेवून फिरतो तो. “तूच दिलास हिला आजार,” म्हणालो. “मास्क खाली करून हिच्याशी गप्पा मारायला तूच येत होतास.” त्याचा कंगवा सांबाराच्या पातेल्यात पडला. सगळे हसले. तू हसली नाहीस. बाहेर येऊन एवढंच म्हणालीस, “तुला काय हवंय तेवढंच तुला दिसतं. समोर माणूस उभं असतं, ते दिसत नाही.” आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डसाठी स्वतःहून नाव दिलंस.

मी कॉलेज सोडून या हॉस्पिटलात नळ्या धुवायला आलो ते तू इथे होतीस म्हणून. दुसरं वर्ष चालू होतं. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, निरोप ताईमार्फत येतात. हे मी तुला कधी ऐकवलं नव्हतं. आता ऐकवलं. चूक झाली असेल तर ही ओळ खोड.

एक काम कर. मामांना जरा दम दे. ते मास्क हनुवटीवर ठेवून अंगणात चहा पितात. मी वरून ओरडलो तर म्हणाले, “मला काही होत नाही आता. रक्तात पहारा बसलाय माझ्या. सरकारी शिक्क्यानिशी!” तू दम दिलास तर ऐकतील. का सांगतोय, ते नंतर कधीतरी.


शनिवार, १२ सप्टेंबर

सिस्टर,

हे पत्र नीट वाच. सोमवारी मी खोटं लिहिलं. सगळं बदललं तो क्षण तू दारातून आत गेलीस तो नव्हे. तो दुसऱ्या दिवशीचा, पंचवीस ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तेव्हाही घड्याळ समोरच होतं.

सर्व्हेसाठी रक्त घ्यायचं चाललं होतं. लॅबवाले काका रक्त काढत होते आणि मी शेजारी बसून नंबराचे स्टिकर लावत होतो. एकाच नंबराचे दोन, एक फॉर्मवर, एक नळीवर. मामांचा नंबर दोनशे अकरा, माझा दोनशे बारा. काका हात धुवायला गेले. ट्रेमध्ये दोन्ही नळ्या शेजारी शेजारी होत्या, अजून स्टिकर न लावलेल्या.

तू आदल्या दिवशीच आत गेली होतीस. ज्याच्यात अँटिबॉडीज सापडतील त्याला वॉर्ड, ही कुजबुज लॅबमध्ये आधीच होती. मी हिशेब केला. जूनमध्ये मामा पाच दिवस तापाने फणफणले होते, तोंडाची चव गेली होती, मामींचं जेवण गवतासारखं लागतं म्हणत होते. तेव्हाची त्यांची टेस्ट निगेटिव्ह आली होती, पण टेस्ट चुकतात. मामांना होऊन गेलाय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि मला? मला या वर्षात साधी शिंक आली नाही. म्हणून मी मामांच्या नळीवर माझा नंबर लावला आणि माझ्या नळीवर मामांचा. म्हणजे मी पॉझिटिव्ह ठरेन, वॉर्डात येईन, तुझ्यासमोर उभा राहीन. मामा निगेटिव्ह ठरतील, म्हातारा माणूस रेकॉर्ड रूममध्ये सुखाने बसेल. दोघांचंही भलं. मी खरंच असं म्हणालो मनात, दोघांचंही भलं.

निकाल उलटा आला. दोनशे अकरा पॉझिटिव्ह, दोनशे बारा निगेटिव्ह.

कळतंय ना तुला? दोनशे अकराच्या नळीत माझं रक्त होतं. आजार मला होऊन गेलाय. मामांना झालेलाच नाही, जूनचा तो ताप दुसराच कसलातरी. आणि मामा तुझ्या वॉर्डात आहेत, माझ्या रक्ताचा शिक्का घेऊन. मी इथे बसलोय फायलींत, सुरक्षित, मामांच्या रक्ताच्या नावावर.

अजून एक. मला कधी झाला असेल, याचा विचार तीन दिवस करतोय. तू जुलैत आजारी पडलीस. त्याआधीचे दोन आठवडे मी रोज तुझ्याशेजारी बसून चहा प्यायलो, मास्क खिशात घालून. कंगवेवाला आठवड्यातून एकदा यायचा. कॉलर मी त्याची धरली.

निकाल लागला त्या शुक्रवारीच सांगायला हवं होतं. इंटरकॉम उचलतो आणि परत ठेवतो. नोकरी जाईल ते जाऊ दे. सर्व्हेच्या मॅडमसमोर उभं राहून ‘का केलंस’ याचं उत्तर काय देऊ? एका सिस्टरजवळ जायचं होतं म्हणून?

तू सांगशील तसं करतो. तू स्वतः मेट्रनना सांगितलंस तरी चालेल, तू बोललीस तर नीट बोलशील, कोणी ओरडणार नाही. वाचलंस की तिसऱ्या खिडकीच्या काचेला आतून निळा हातमोजा लाव. तो दिसला की मला कळेल. मी इथूनच बघत असेन. कुठे जाणार.

पाकीट दोनदा चिकटवलंय. मामाच आणून देतील.


मंगळवार, १५ सप्टेंबर

हातमोजा नाही.

रविवार नाही, सोमवार नाही, आज नाही. मी जेवणाचा डबा खिडकीशी आणून जेवतो. तिसरी खिडकी आता मला पाठ आहे. डाव्या कोपऱ्यात काचेला एक चीर आहे, साडेचारला तिच्यावर ऊन येतं.

काय चालवलंयस तू? माझा राग आहे ना, तर माझ्यावर काढ. मामांनी काय घोडं मारलंय तुझं? मी सगळं लिहून दिलं, नंबरासकट, वेळेसकट. आणखी काय हवं? पाया पडू खिडकीतून? तू एक शब्द मेट्रनच्या कानावर घातलास की मामा बाहेर. तोंड उघडवत नाही तुझ्याने? मला शिकवत होतीस ना, समोरचं माणूस दिसत नाही म्हणून. तुला दिसतंय का? बादल्या उचलतंय तुझ्यासमोर ते!

आज काय कळलं सांगू? संध्याकाळी मामा खाली थांबले, मी विचारलं, “मामा, आत तो जाड मास्क लावता ना?” तर म्हणाले, “जाड मास्क मोजून येतात रे. रोज एखादा कमी पडतो. मी माझा देऊन टाकतो, मला साधा चालतो. परवा तुझ्या सिस्टरलाच दिला.”

तुला दिला. तू घेतलास. पत्र वाचूनही घेतलास?

तुझ्यासाठी केलं ना मी हे सगळं.

नाही. ही ओळ खोडतोय. नीट खोडली जात नाहीये.


बुधवार, १६ सप्टेंबर, सकाळी

हे पत्र बँडेजला बांधणार नाही. का ते सांगतो.

पावणेआठला मामा खिडकीखाली आले. मी कालचं पत्र बांधून पट्टी सोडायला गेलो तर म्हणाले, “आज राहू दे. तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. ती तुझी पत्रं उघडत नाही रे. घेते माझ्याकडून, मला वाईट वाटू नये म्हणून घेते. हॉस्टेलच्या कपाटात नुसती रचून ठेवलीत म्हणाली. मी म्हटलं, कधीतरी उघड. म्हणाली, पाळी संपल्यावर बघू. पोरगी वाईट नाही. तुलाच आवरायला हवं आता.”

म्हणजे शनिवारचं पत्रसुद्धा. दोनदा चिकटवलेलं. मामांनी स्वतःच्या खिशातून ते तुला आणून दिलं, आणि ते तसंच पडून आहे. कालच्या पत्रात मी तुला काय काय बोललो! ते तर अजून इथेच पडलंय. बरं झालं. तू मामांचा मास्क घेतलास तेव्हा तुला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला.

चार दिवस मी खिडकीकडे बघत बसलो आणि मला वाटलं मी काहीतरी करतोय.

मग मामांनी खाकरून घसा साफ केला. एकदा, मग पुन्हा. मी विचारलं तर म्हणाले, “रात्रीपासून जरा धरलाय. आतल्या एसीने असेल. या पहाऱ्याला एवढंही जमत नाही बघ.” आणि हसले, आणि निघाले वॉर्डाकडे.

मी ओरडलो, “मामा, थांबा! पत्र देतो!”

“आत्ता तर सांगितलं ना तुला?”

“शेवटचं. हे एकच. ते घेतल्याशिवाय जायचं नाही. तिथे बाकावर बसा, दूर बसा सगळ्यांपासून.”

“आठला आत जायचंय, मेट्रन सोलेल मला.”

“मेट्रनला मी बघतो.”

“तू? मेट्रनला?” म्हणाले, आणि तेवढ्यासाठीच बसले. आता खाली बाकावर पाय लांब करून बसलेत. मास्क हनुवटीवर होता. मी ओरडलो तेव्हा नाकावर घेतला. अधूनमधून वर बघतात. मी लिहितोय हे दिसावं म्हणून टेबल खिडकीशी ओढलंय.

तर सिस्टर, हे पत्र तुझ्यासाठी नाही. हे मी मामांना बाकावर बसवून ठेवायला लिहितोय. आतापर्यंतच्या सगळ्या पत्रांत उपयोगाचं असं हे एकच.

डोक्यात योजना अशी की साडेआठपर्यंत लिहीत राहायचं. साडेआठला सर्व्हेच्या मॅडम येतात, त्यांना जाऊन सगळं सांगायचं, मग मॅडम मामांना समजावतील. त्या शिकलेल्या आहेत, नीट शब्दांत सांगतील. वाक्य लिहून झालं आणि माझंच मला दिसलं. परत तेच. आधी तू मेट्रनना सांगशील, आता मॅडम मामांना सांगतील. मी फक्त खिडकीत.

आणि बघ ना, मॅडमच्या तोंडून मामांनी का ऐकावं? रक्त त्यांचं. नंबर त्यांचा. दुसरं कोणी सांगायच्या आधी त्यांना कळायला हवं की त्यांच्या अंगात पहारा नाही, तो माझ्या अंगात आहे, आणि त्यांचा मी चोरलेला नाही, चुकून माझाच त्यांच्या गळ्यात बांधलाय. असं काहीतरी. शब्द सापडत नाहीत. सापडेपर्यंत थांबलो तर आठ वाजतील.

मारतील का मामा? मारावं. त्यांनी मारलं नाही आणि नुसतं “असं का केलंस रे?” विचारलं, तर ते जास्त लागेल. मामींना फोन कोण करणार? तोही मीच करायचा. त्यानंतर मॅडम. मामांचा घसा आधी तपासायला हवा, रक्त पुन्हा घ्यायला हवं, त्यांनी ज्यांच्याबरोबर चहा प्यायला त्यांना सांगायला हवं. आणि तुला. तुला आतून कोणीतरी सांगेल. तेव्हा शनिवारचं पाकीट उघडलंस तर उघड. नाही उघडलंस तरी त्यात तुझ्यासाठी काही उरलेलं नसेल.

तू जेवत जा.

आठला पाच मिनिटं कमी. मामांनी खालून हाक मारली, “झालं का रे? कादंबरी लिहितोस की काय!”

झालं. इंटरकॉम तसाच ठेवतोय, आता त्याची गरज नाही. कागद टेबलावर उघडाच आहे, त्यावर दोनशे बारा नंबरचा माझा फॉर्म ठेवतोय, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पंचिंग मशीन. इथे जो येईल त्याने वाचावं.

बँडेजची पट्टी गुंडाळून खिशात घातली. मामांपासून सहा फुटांवर उभं राहायचं, आणि सांगायचं. मी निघालो. दार ओढून घेतो.